सतरा नंबरचा दगड आणि बुर्गीचा हात

आमच्याकडे माणसाला काहीही म्हणा. दारुडा म्हणा, तो तुमच्यासाठी एक पेला मागवेल. चिक्कू म्हणा, तो मनातून खूश होईल. पाद्र्याच्या स्वयंपाकिणीवर डोळा ठेवून आहेस म्हणा, मिशीतल्या मिशीत हसेल. फक्त 'दगड सरकवणारा' म्हणू नका. या शब्दावरून आमच्याकडे लग्नं मोडली आहेत, एका वराचे तर पुढचे दोन दातही मोडले आहेत. शिवेचा दगड रात्रीतून चार पावलं सरकवून शेजाऱ्याची जमीन खाणारा माणूस मेल्यावरही सुटत नाही, असं आमच्या आज्या सांगत. तो तापून लाल झालेला दगड खांद्यावर घेऊन बांधाबांधाने फिरतो आणि विचारतो, "कुठे ठेवू? कुठे ठेवू?"

वाल्बुर्गा डोर्श ही अशाच एका 'दगड सरकवणाऱ्या'ची मुलगी. आम्ही तिला बुर्गी म्हणतो. आता ऐंशीच्या पुढे आहे, चष्मा न लावता सुईत दोरा ओवते आणि माझ्याबद्दल गावात काय वाटेल ते सांगत असते. त्यातलं निम्मं मी कबूल करतो. तेव्हा तिच्याबद्दल सांगायचा मलाही हक्क आहे.

तिचे हात लांब. बसल्या जागेवरून ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाचं मीठ उचलते. तरुणपणी नाचाला ती उभी राहिली की पोरं कचरायची, कारण तिने हात खांद्यावर टाकला तर तो पाठीवरून उतरून पार कमरेशी पोचायचा, आणि मग आई बघत असायची कोपऱ्यातून. पण याच हातांनी ती जिल्हाभर प्रसिद्ध झाली. गाय अडली, वासरू पोटात आडवं फिरलं, की लोक गुरांच्या डॉक्टरला फोन करत आणि तो येईपर्यंत बुर्गीला बोलावत. डॉक्टर पोचायचा तेव्हा वासरू पेंढ्यावर उभं राहायची खटपट करत असायचं आणि बुर्गी हात धुवत असायची. ती डॉक्टरला एवढंच विचारायची, "कॉफी घेणार का?"

सगळ्या गोठ्यांत तिचा हात चालायचा. एका गावात मात्र नाही. ते गाव आमर्सरॉयट.

आमचं हासेलब्रुन उताराच्या पायथ्याशी, आमर्सरॉयट माथ्यावर. मध्ये एक कुरण आणि कुरणात एक झरा. पूर्वी आम्ही कॅथलिक बिशपची रयत, ते लुथरपंथी सरदाराची. म्हणजे कुरणातून दोन गावांची नव्हे, दोन राज्यांची हद्द जायची. पुढे दोन्ही राज्यं बुडाली आणि बव्हेरियाने दोन्ही गावांना एकाच लहानशा जिल्ह्यात कोंबलं. त्याने फरक काय पडला? गुड फ्रायडेला ते काळे कपडे घालून प्रार्थनेला निघतात, त्या दिवशी आम्ही शेतात शेण टाकतो. आमची मिरवणूक फुलांच्या पायघड्यांवरून निघते, त्या दिवशी ते नेमके धुणं वाळत घालतात, त्यातही आतले कपडे रस्त्याच्या बाजूला. बटाट्याचे गोळे आम्ही कच्च्या किसाचे करतो, ते अर्धे उकडून करतात. त्यावर मी काही बोलत नाही. खाणाऱ्यालाच ठाऊक.

पण झरा आमचा. त्याच्याच पाण्यावर आमच्या गावच्या सामाईक बिअरघरात प्रत्येक घर पाळीपाळीने आपली बिअर गाळतं. झरा आमचा, कारण शिवेचा सतरा नंबरचा दगड झऱ्याच्या सहा पावलं वर उभा आहे. तो झऱ्याच्या खाली असता तर झरा त्यांचा झाला असता.

शिवेचे दगड बघायला आमच्याकडे प्रत्येक गावात सातजण असतात. शपथ घेतलेले, मरेपर्यंतचे. दगड बसवताना ते त्याच्याखाली गावाची गुप्त खूण पुरतात. खूण कसली, किती वस्तूंची, कशी मांडलेली, हे त्या सातांखेरीज कोणालाही माहीत नसतं. बायकोलाही नाही, कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्र्यालाही नाही. कागदावर लिहायची नाही, फक्त कानात सांगायची. दगड हलला तरी खूण मातीतच राहते, त्यामुळे वाद झाला की सातजण दगड उचलतात, बाकी सगळ्यांना पाठ फिरवून उभं करतात आणि खाली बघतात. खूण सापडली तर दगड खरा. नाही सापडली तर कोणीतरी चोर.

बुर्गीचा बाप लोरेन्झ या सातांतला सर्वांत धाकटा होता. आणि एकोणपन्नास सालच्या त्या कोरड्या उन्हाळ्यात, दोन्ही गावं झऱ्यावरून एकमेकांवर गुरगुरत असताना, आमर्सरॉयटच्या मेंढपाळाने संध्याकाळी लोरेन्झला हातगाडीवरून दगड नेताना पाहिलं. एकट्याला. दुसऱ्या दिवशी लोकांनी बघितलं, तर सतराव्या जागेवरचा दगड नवाकोरा!

आमर्सरॉयटच्या सातांचा म्होरक्या होता आदाम वोल्फरुम. बैलासारखी मान आणि तेवढंच लवचीक मन. तो ओरडला, "सरकवला! झऱ्याच्या खाली होता, वर नेला!"

लोरेन्झला विचारलं तर तो म्हणाला, "दगड जागेवर आहे." बस. पुढे अवाक्षर नाही.

नकाशे बघावेत तर पंचेचाळीसच्या वसंतात कचेरीबरोबर जळालेले. मग दगड उचलून का बघितला नाही? इथे आपले जिल्हाप्रमुख डॉ. ब्रेंडल येतात. तेव्हा नवे होते, दोन गावांत शांतता हवी होती, पुढच्या निवडणुकीत दोन्हीकडची मतंही हवी होती. त्यांनी दोन्ही गावांना बसवून तोड काढली. दगड उचलायचा नाही, आहे तिथेच राहील. म्हणजे झरा आमचा. आणि लोरेन्झने सातजणांतली जागा सोडायची. म्हणजे अब्रू त्यांची.

आमच्या गावाने ही तोड हसत मान्य केली. कारण सांगू? आमच्यातल्या निम्म्यांना वाटत होतं की लोरेन्झने दगड खरोखरच सरकवला आहे. मग कशाला उचलून बघा! बिअर चांगली होत होती. लोरेन्झची जागा कोणी भरली नाही. सहाजणांनी 'बघू, बघू' करत तेवीस वर्षं काढली. तो मात्र सहाव्या वर्षीच गेला, मुकाट्याने, जसा जगला तसा. आमर्सरॉयटची पोरं शाळेच्या वाटेवर बुर्गीला गाठून ओरडायची, "कुठे ठेवू? कुठे ठेवू?" ती दोघांना एकाच वेळी धरायची. हात लांब होते ना.

आदाम वोल्फरुमने तर जाहीर केलं होतं, "दगडचोराच्या पोरीचा हात माझ्या गायीत जाणार नाही." या हट्टापायी त्याची तीन वासरं गेली. डॉक्टर वेळेवर पोचला नाही आणि बुर्गीचं घर पाऊण मैलावर होतं.

मग बहात्तर साल उजाडलं आणि म्युनिकातल्या सरकारला वाटलं, जिल्हे फार झाले. आमचा जिल्हा मोडायचा ठरला. एक जुलैपासून अर्धा इकडच्या मोठ्या जिल्ह्यात, अर्धा तिकडच्या. हासेलब्रुन बिशपच्या शहराकडे, आमर्सरॉयट सरदाराच्या शहराकडे. दीडशे वर्षं आम्हाला एकत्र नांदवून शेवटी सरकारने पुन्हा तीच जुनी शीव काढली! मोटारींच्या पाट्यांवरची अक्षरं बदलणार म्हणून माणसं रडली. मी स्वतः पाहिलं आहे, खाटीक पाटीवरून हात फिरवत होता.

तर आता ती शीव जिल्ह्याची हद्द होणार होती, म्हणून तिच्यावरचे एकतीस दगड दोन्ही गावांच्या सातांनी बघून सही करायची होती. नुसतं बघायचं. खणायचं फक्त लगतच्या जमीनमालकाने अर्ज केला तर.

मी तेव्हा जिल्हा कचेरीत नकाशांच्या टेबलावर होतो. एक दिवस बुर्गी आली. रविवारचा डगला, हातात कागद.

"हे घे," ती म्हणाली. "शिक्का मार."

वाचलं आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सतरा नंबरच्या दगडालगतचं कुरण बापाकडून तिच्या नावावर आलेलं. दगड उचलून खूण बघावी, असा रीतसर अर्ज.

"बुर्गी," मी म्हटलं, "अगं, खाली काही निघालं नाही तर?"

"तर तू झऱ्याची बिअर पिणार नाहीस. तुझ्या पोटाला बरंच आहे. मार शिक्का."

मी शिक्का मारला. आणि मग, खोटं कशाला बोलू, घरी जाताना तीन ठिकाणी सांगितलं. चौथ्या ठिकाणी पोचलो तेव्हा त्यांनीच मला सांगितलं.

त्या रविवारी जेवणानंतर सगळं गाव बुर्गीच्या स्वयंपाकघरात होतं. सरपंच बाप्टिस्ट भाजलेल्या सॉसेजचं पातेलं घेऊन आला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सातजणांपैकी उरलेल्या सहांचा म्होरक्या, एक्याऐंशी वर्षांचा कास्पार एन्ड्रेस, शेगडीजवळच्या बाकावर बसला होता आणि जमिनीकडे बघत होता.

"बुर्गी, बाई गं," बाप्टिस्टने सुरुवात केली, "तुझा बाप देवमाणूस होता. आम्ही सगळे मानतो."

"कधीपासून?"

"म्हणजे... मनातल्या मनात नेहमीच. पण झोपलेल्या दगडाला कशाला उठवतेस? आठ दिवसांनी जिल्हाच राहणार नाही. सगळं आपोआप विसरलं जाईल."

"पाणी विसरलं जाईल का?"

"छे, पाणी कसं विसरेल!"

"मग झालं तर. तेवीस वर्षं पाणी तुम्ही प्यालात आणि बदनामी आम्ही. आता एकदा दोन्ही एकाच दगडाखाली बघू."

बिअरघरवाल्याची बायको रडायलाच लागली. "आणि खाली काही नसलं तर, बुर्गी? सगळं गाव तुझ्या नावाने बोटं मोडेल. वर तुझा बापही चोर ठरेल. आज निदान संशय आहे, उद्या पुरावा होईल."

बुर्गीचा चेहरा पहिल्यांदा उतरला. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. मला झोप लागते असं वाटतं का तुम्हाला? पण मी बारा वर्षांची होते तेव्हापासून एकच प्रश्न आहे, आणि उत्तर माझ्याच कुरणात पुरलेलं आहे. मला ते हवंय. कसलंही असो."

मग बाप्टिस्टने कास्पारकडे पाहिलं. "तू सांग की हिला. तुझं ऐकेल."

म्हातारा उठला, काठी शोधली. "खणू या," तो म्हणाला आणि निघून गेला. सॉसेज तशीच राहिली. मी दोन खाल्ली.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी दहाला आम्ही शिवेवर. आमच्याकडचे सहाजण, त्यांच्याकडचे सातजण, दोन्ही गावं, शाळेला सुट्टी दिलेली पोरं आणि डॉ. ब्रेंडल, अजून दोन दिवसांचे जिल्हाप्रमुख. तेवीस वर्षांत केस गेलेले, तोड काढायची सवय तेवढी शिल्लक. सतरा नंबरला पोचताच त्यांनी घसा खाकरला.

"मंडळी, माझी शेवटची विनंती. या दगडापुढे 'पूर्वीच्या करारानुसार' एवढं लिहावं आणि पुढे जावं."

"लिहा की!" आदाम वोल्फरुम म्हणाला. "लिहा, 'पूर्वीच्या चोरीनुसार'. मी लगेच सही करतो."

"साहेब," बुर्गी म्हणाली, "अर्ज मागे घेतलेला नाही."

 ब्रेंडलनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग नियमाप्रमाणे होऊ द्या."

नियम म्हणजे पाठ फिरवणे. कास्पारने काठी उचलली आणि दोनशे माणसं दरीकडे तोंड करून उभी राहिली. जिल्हाप्रमुख, दोन्ही पाद्री, मोजणीवाले, पोलीस. जिल्हाप्रमुखांच्या ड्रायव्हरने मोटारीच्या आरशात बघायचा प्रयत्न केला, तर आमर्सरॉयटच्या एका बाईने आरशाला आपला एप्रन बांधला. बुर्गीही पाठमोरी. तिच्या बापाचा निवाडा चाललेला, पण ती शपथ घेतलेली नव्हती.

तेव्हा यापुढचं मी पाहिलेलं नाही. माझ्या पाठीने ऐकलेलं सांगतो, आणि माझ्या पाठीचे कान चांगले आहेत.

पहारीचा आवाज आला. 'हळू, हळू!' झालं. दगड गवतावर आडवा झाल्याचा धप्प आवाज. मग फावडी. मग फावडी थांबली.

 खाली दरीत आमच्या चर्चच्या घड्याळाने साडेअकराचा ठोका दिला.

"काही नाही," कास्पार म्हणाला. आवाज असा की जणू त्यालाच कोणी पुरतंय.

"काही नाही!" आदाम गरजला. "ऐकलंत सगळ्यांनी? हासेलब्रुनवाल्यांनो, उद्यापासून पाणी विहिरीचं!" त्यांच्याकडे टोप्या उडाल्या. आमच्या बिअरघरवाल्याने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर निळा होता. आणि आमच्याच रांगेतून कोणीतरी, नाव सांगत नाही कारण त्याची नातवंडं वाचतील, पुटपुटलं, "लोरेन्झनेच केलं होतं तर!"

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बुर्गीकडे पाहिलं. पांढरीफटक. लांब हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, जणू तिचे नव्हतेच. मग तिने विचारलं, तशीच दरीकडे बघत:

"किती खोल खणलंत?"

"गुडघाभर," कास्पार म्हणाला. "दगड तेवढाच बसवतात, पोरी."

"माती कसली आहे?"

"कसली असणार? तांबडी."

"निळी लागली का?"

"नाही."

"मग खणा अजून."

आदाम हसला. "का? चीनपर्यंत बोगदा काढायचाय?"

"वोल्फरुम," ती म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी माझा बाप घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या बाहीला चिखल होता. कोपरापर्यंत नाही, थेट खांद्यापर्यंत. आणि तांबडा नव्हता, निळा होता. आई त्याच्यावर इतकी ओरडली की शेजारी जमा झाले. सदरा मला धुवायला लावला, तीन पाण्यांत डाग निघाला नाही. दगड चोरून गुडघाभर खड्ड्यात ठेवणाऱ्याचा हात निळ्या मातीत खांद्यापर्यंत कशाला जाईल? तो खाली काहीतरी चाचपत होता. खणा, कास्पारकाका!"

फावडी पुन्हा चालू झाली. तांबडी मातीची ढेकळं उताराने घरंगळत आमच्या बुटांशी येत होती. आम्ही बघायचं नाही म्हणून दरीकडे बघत होतो, पण सगळ्यांचे डोळे बुटांवर. एक ढेकूळ आलं. दुसरं आलं. आणि मग माझ्या डाव्या बुटावर एक निळं-करडं ढेकूळ येऊन आदळलं.

"निळी!" मी ओरडलो. कचेरीतल्या माणसाने ओरडायचं नसतं.

मागून ठण्ण झालं, पहार दगडावर आपटल्यासारखं. मग कास्पार बोलू लागला आणि त्याच्या आवाजात तेवीस वर्षांचं काहीतरी फुटलं.

"जुना दगड आहे. बुंधा. वरचा अर्धा तुटलाय. रणगाड्याच्या साखळ्यांचे ओरखडे आहेत, अमेरिकन इथूनच वर गेले होते. एका बाजूला बिशपची काठी, दुसऱ्या बाजूला सरदाराचा गरुड. आदाम, तुझे लोक घेऊन ये. बघ."

त्यांचे सातजण गेले. खड्ड्याभोवती त्यांचे बूट फिरल्याचे आवाज आले. आदामने एकदाही 'चोर' म्हटलं नाही, म्हणजे फार होतं.

"उताराची माती दर वर्षी खाली येते," कास्पार म्हणाला. "बुंधा गाडला गेला होता. लोरेन्झने नवा दगड त्याच्याच डोक्यावर बसवला. बोटभरही इकडे तिकडे नाही."

"मग बोलला का नाही तो?" ब्रेंडलनी दरीला विचारलं.

"कारण दगडाला एकट्याने हात लावायचा नाही, ही आमची शपथ आहे, साहेब. ती त्याने मोडली होती. आणि का मोडली ते मी सांगतो, आज सगळ्यांसमोर. त्या दिवशी माझ्या घरची बिअर गाळून झाली होती. आम्ही सहाहीजण माझ्या अंगणात आडवे होतो. तो मला उठवायला आला. म्हणाला, सतरा नंबरचा दगड तुटून गाडला गेलाय, शीव दिसत नाही, उद्या इथे कुऱ्हाडी निघतील, चल. मी कूस बदलली. हे सांगितलं असतं तर आमची सहाही नावं गेली असती. त्याने स्वतःचं एकच दिलं. तो दगड कुठे घेऊन गेला ते मी पाहिलं नव्हतं, म्हणून मला पण... मला पण खात्री नव्हती. तेवीस वर्षं मी त्याचंच पाणी प्यालो."



"पण खूण?" आदामने विचारलं. गडी मागे हटत नव्हता. "बुंधा कोणीही पुरेल. खूण बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

इथे अडचण आली. बुंधा हलवला तर खूण विस्कटणार. बाजूने, दगडाखालच्या भेगेतून हात घालून चाचपणं एवढंच शक्य होतं. आमच्या सहाजणांत एकाला हर्निया, एकाचा खांदा युद्धात राहिलेला, कास्पार वाकला तर उठेल याची खात्री नाही. बाकीच्यांनी पोटावर पडून प्रयत्न केले. कोपराच्या थोडं पुढे गेला की हात संपायचा. आमर्सरॉयटचे सातजण धिप्पाड, त्यांचे दंड भेगेतच अडकायचे.

"लांब आणि बारीक हात पाहिजे," कोणीतरी म्हणालं.

 मग एकेक डोकं बुर्गीकडे वळायला लागलं.

"ती शपथकरी नाही," आदाम म्हणाला. "आणि बाई आहे."

"एक जागा रिकामी आहे," कास्पार म्हणाला. "तिच्या बापाची. बाप्टिस्ट, शपथ दे."

"इथे? आत्ता?" सरपंच दरीकडे बघत किंचाळला. "मी पाठमोरा आहे!"

"तोंडाने दे, पाठीने नको देऊस! चल."

आणि बाप्टिस्टने, समोर दरीतल्या आमच्या चर्चच्या कळसाकडे बघत, आठवेल तशी शपथ म्हटली. दोनदा चुकला, ब्रेंडलनी सांगून दिलं. "मरेपर्यंत गुप्त ठेवीन," बुर्गी म्हणाली. मग ती वळली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या दगडाकडे बघायचा हक्क मिळाला. कास्पारने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. फार वेळ लागला नाही. (काय सांगितलं हे मी तिला दर नाताळाला विचारतो. ती मला केक देते.)

डगला काढल्याचा आवाज. बाही वर सरकवली. मग ती चिखलात आडवी झाली, आणि पुढचे आवाज आम्ही सगळ्यांनी आपापल्या गोठ्यात ऐकलेले होते. ती गायीच्या वेळी बोलते तसंच बोलत होती. "थांब... हं... असा ये... सापडलास, राजा."

"काय सापडलं?" बाप्टिस्ट ओरडला.

"आपली," ती म्हणाली. "सगळीच्या सगळी. जशी कास्पारकाकांनी सांगितली तशी." मग जरा थांबून, "आणि शेजारी दुसरी एक आहे. ती आपली नाही."

आदामचे बूट चिखलातून तिच्याजवळ गेलेले मला ऐकू आले. "माझ्या कानात सांग," तो म्हणाला. "कशी आहे ती."

"तुमचं गुपित मला कळेल, वोल्फरुम."

"कळू दे! सांग!"

चिखलाने भरलेली ती उठली आणि आमर्सरॉयटच्या म्होरक्याच्या कानाशी वाकली. या वेळी मी वळून पाहिलं. जिल्हाप्रमुखांनीही पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, आणि कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत. ती कुजबुजत होती आणि आदामची बैलासारखी मान हळूहळू खाली जात होती. तिचं बोलून झालं तसा तो सरळ झाला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. त्याची टोपी फक्त चर्चमध्ये निघते, तीही गाणं सुरू झाल्यावर.

"आमचीच आहे," तो म्हणाला. "माझ्या आज्याच्या आज्याने मांडलेली." मग दोन्ही गावांकडे बघून, जोरात: "दगड जागेवर आहे! लोरेन्झ डोर्शने दगड सरकवला नाही!"

पहिले तीन शब्द तेच, जे तेवीस वर्षांपूर्वी लोरेन्झ बोलला होता.

त्यानंतर जे झालं ते लिहायला मला लाज वाटते, कारण मीही त्यात होतो. आमचा बिअरघरवाला रडत रडत आमर्सरॉयटच्या पाद्र्याच्या गळ्यात पडला. पोरं झऱ्यात उतरली. ब्रेंडलनी यादीवर सतराव्या आकड्यापुढे 'खूण सापडली' लिहिलं, आणि खाली, कोणी सांगितलेलं नसताना, 'लोरेन्झ डोर्श यांच्यावर या कचेरीने अन्याय केला' असं लिहून सही केली. त्या जिल्ह्याच्या कचेरीतून निघालेला तो शेवटचा कागद. मी त्यावर शिक्का मारला, तोही शेवटचाच. शिक्का अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, कोणाला सांगू नका.

बुर्गी मात्र झऱ्यापाशी बसून राहिली. लोक हात धुवायला पाणी आणून देत होते, ती धुवू देईना. उजवा हात खांद्यापर्यंत निळा होता. तो तसाच घेऊन ती चालत गावात आली, चर्चमागे बापाच्या थडग्यापाशी गेली आणि थडग्याच्या पांढऱ्या दगडावर पंजा टेकवला. पाच बोटांचा निळा ठसा. पाऊस त्याला कधीच धुवून घेऊन गेला, पण त्या दिवशी मी पाहिला आहे.

जिल्हा गेला. दोन दिवसांनी आमच्या पाट्या बदलल्या, त्यांच्याही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, बुर्गी सातजणांच्या पहिल्या बैठकीला निघाली होती, तेवढ्यात वरच्या वाटेने एक ट्रॅक्टर नव्या पाटीसकट धडधडत आला. चालवणारा आदाम. तो उतरला नाही.

"लाल गाय," तो म्हणाला. "पहिलटकरीण आहे. वासरू आडवं आहे."

"डॉक्टरला बोलावलंस?"

"डॉक्टर आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे," आदाम म्हणाला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. "बुर्गी, येतेस का?"

ती ट्रॅक्टरवर चढली. बैठक एक तास उशिरा सुरू झाली आणि कास्पारने कोणाला कुरकुरू दिलं नाही. वासरू जगलं. कालवड होती. आदामच्या बायकोने कॉफी दिली, त्याबरोबर ते अर्धे उकडून केलेले बटाट्याचे गोळेही. बुर्गीने दोन खाल्ले, आणि चांगले होते असंही सांगितलं.

तेवढं एक सोडलं, तर ती आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही.